घरी कोण नव्हतं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या हिवाळ्यात एक फलक लागला होता. हिरव्या जमिनीवर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात हसणाऱ्या बाईचं चित्र आणि मधोमध भलंमोठं शून्य. या पाड्यात, म्हणजे आपण ज्याला आळी म्हणू तिच्यात, डेंग्यूचा एकही रुग्ण नाही, असं त्या शून्याचं म्हणणं. येणारे-जाणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. बघायच्या फक्त ढवळे मावशी. भाजी आणायला निघाल्या की त्या फलकापुढे थांबायच्या, छत्रीचं टोक शून्याच्या पोटात टेकवायच्या आणि खणखणीत मराठीत विचारायच्या, "घरी कोण नव्हतं?" कोलकात्यातल्या बेहालाच्या त्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. त्यामुळे तो प्रश्न त्या मलाच विचारतायत असं मला वाटायचं, आणि तसं वाटायला कारणही होतं.

इंदुमती ढवळे मूळच्या अकोल्याच्या. सरकारच्या पाहणी खात्यात होत्या. घरोघर जायचं, माणसं किती, खातात काय, आजारी कोण पडलं, हे विचारून लिहून आणायचं, हे त्यांचं काम. बदली होऊन कोलकात्याला आल्या, अर्धा बंगाल पायांखाली घातला, निवृत्त झाल्या आणि परत गेल्याच नाहीत. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "तो रकाना रिकामा ठेवायची मुभा असते." उंच, काटक, साडीवर पुरुषी कॅनव्हासचे बूट, बाराही महिने छत्री, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत लिहायचा पुठ्ठा, वही आणि खडूचे तुकडे कायम असायचे.

नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. सामान उतरत होतं तेव्हा मावशी पोह्यांची बशी घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "रात्री ताटं किती मांडता?"

"दोन," मी म्हटलं.

"मग चपला पाच जोड कशा?"

मी माझ्या खरेदीच्या हौसेची कबुली दिली तेव्हा कुठे त्यांनी बशी हातात ठेवली. पुढे त्यांनीच समजावलं. घरात माणसं किती असं विचारलं की लोक दिल्लीला नोकरी करणारा मुलगा धरतात आणि आतल्या खोलीत खोकणारी आजी विसरतात. "ताटं विचारली की माणसं बरोबर येतात. ताटाला कोणी विसरत नाही."

मी न्यू टाउनला एका कंपनीत कामाला होते, अजूनही आहे. इतरांनी गोळा केलेले आकडे पडद्यावर रंगीत करून दाखवायचे, वाईट ते लाल, बरं ते पिवळं, चांगलं ते हिरवं, हा आमचा धंदा. हे ऐकल्यावर मावशींनी डोळे बारीक केले होते. "आणि मोजायला तू जातेस का कधी?" मी हसून नाही म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

सकाळी त्या लाल-निळी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राला बसायच्या. आकडा दिसला की त्याला लाल गोल. मग बातमीत त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरं सापडली तर गोलावर निळी फुली. कोणी मोजलं? किती वाजता मोजलं? आणि घरी कोण नव्हतं? पेपर वाचून व्हायचा तेव्हा त्याला गोवर उठल्यासारखा दिसायचा. पेन्सिलीचं लाल टोक दर महिन्याला झिजून जायचं आणि निळं तसंच राहायचं, म्हणून लाल संपलेल्या पेन्सिलींचे निळे बुटके तुकडे त्यांच्या खिडकीत एका पेल्यात साठले होते. एकदा माझा नवरा मोठ्या अभिमानाने सांगत होता, त्याच्या शाखेत ग्राहकाला थांबावं लागणारा सरासरी वेळ सगळ्या विभागात सर्वांत कमी आला. मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. "जे कंटाळून परत गेले, त्यांची मिनिटं कुठे धरलीत?" नवरा म्हणाला, परत गेलेल्यांची कशी धरणार, ते टोकन जमाच करत नाहीत. "तेच म्हणते मी," मावशी म्हणाल्या आणि कप उचलला. त्यानंतर त्यांच्यासमोर नवरा बँकेविषयी बोलायचा बंद झाला.

त्यांना खरा तडाखा देताना मी पाहिलं ते गणपतीत. इथल्या मराठी मंडळींचा गणपती दरवर्षी एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. मुलांसाठी रविवारचा मराठीचा वर्ग चालायचा, तो आता बंद करावा असं चिटणीसांच्या मनात होतं. जागेचा त्रास, शिकवायला कोणी तयार नाही, वगैरे. आरतीनंतर त्यांनी माइक घेतला, समोर बसलेल्या पोरांकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "ज्या मुलांना मराठी येत नाही, त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "पाहा! शंभर टक्के! वर्गाची गरजच उरलेली नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मावशी मोदकाची पत्रावळ बाजूला ठेवून उठल्या. मुलांपुढे जाऊन त्यांनी बंगालीत विचारलं, काका आत्ता काय म्हणाले ते कोणाकोणाला कळलं? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तीन हात वर आले, त्यातला एक चिटणीसांच्या भाच्याचा, तो नागपूरहून सुट्टीला आलेला. मावशी चिटणीसांकडे वळल्या. "साहेब, बहिऱ्यांना हाक मारून विचारताय, ऐकू न येणारे कोण म्हणून." वर्ग चालू राहिला. पुढच्या वर्षी मावशींचं आमंत्रण चुकून राहून गेलं. त्या आमंत्रणाशिवाय गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

त्यांच्या देवघरात देवांच्या शेजारी एक चौकट होती. आत कोणा संताची तसबीर असेल असं वाटायचं, पण ते त्यांना आलेलं ताकीदपत्र होतं. बंगालमधल्या पहिल्या वर्षातलं. पुरुलियाकडच्या एका गावात यादीतल्या घराला कुलूप होतं. असं झालं तर शेजारचं उघडं घर घ्या आणि पुढे चला, असं वरिष्ठांनी बजावून सांगितलेलं. मावशी त्या कुलूपबंद घराच्या पायरीवर बसून राहिल्या. दिवस मावळता माणसं जंगलातून लाकूड घेऊन आली, तेव्हा त्यांनी प्रश्न विचारले. असं प्रत्येक गावात करायच्या, त्यामुळे त्यांचे तक्ते सगळ्यात उशिरा यायचे, म्हणून ती ताकीद. "अगं, कुलूप लावणारी माणसं वेगळी असतात," त्या मला म्हणाल्या. "ज्यांच्या घरात दिवसा बसायला माणूस आहे, त्यांचं दार उघडं. ज्यांच्यात सगळ्यांनाच कामाला जावं लागतं, त्यांना कुलूप. एकाच्या जागी दुसरं घेतलंस तर तू घर नाही बदललंस, उत्तर बदललंस."

या कुलपांसाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. दार बंद दिसलं की चौकटीवर खडूची एक रेघ. दुसऱ्यांदा बंद, दुसरी रेघ. माणूस भेटला, उत्तर मिळालं, की पदराच्या टोकाने रेघा पुसून टाकायच्या. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नव्हती. दूधवाला, गॅसवाला, कोणीही दार बंद बघून परत जाताना दिसला की मावशी खिडकीतून ओरडायच्या, "आबार एशो!" परत ये म्हणून.

आता शेफालीबद्दल सांगायला हवं. गल्लीच्या शेवटाला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून, बावीस खोल्यांची एक रांग आहे. त्यातल्या चौदाव्या खोलीत शेफाली आणि तिचा नवरा गोपाल राहायचे. गोपाल लेथवर काम करायला नदीपलीकडे हावड्याला जायचा. शेफाली मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके करायच्या कारखान्यात होती आणि रविवारी मावशींच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. ती मावशींना 'गुनती मासी' म्हणायची, मोजणारी मावशी. हसायला लागली की वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. एकदा मावशींनी तिला पाहणीतले प्रश्न गंमत म्हणून विचारले होते, तर तिने उलट मावशींनाच विचारलं, "आणि तुम्हाला कोण मोजतं?" हे त्या पुढे कितीतरी वेळा सांगायच्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या भागात तापाची साथ आली. एका कंपनीच्या पैशांवर एका संस्थेने मोहीम काढली. मुली घरोघर जाऊन फोनवर तापाच्या रुग्णांची नोंद करणार, ते आकडे पडद्यावर दिसणार, आणि जिथे ताप जास्त तिथे रक्त तपासणीचं शिबिर, धूरफवारणी, टाक्यांची सफाई. कल्पना चांगली होती. फोनवरचा फॉर्म आणि पडदा तयार करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. फॉर्म मी केला.

हे वाक्य लिहितानाही माझा मला राग येतोय. फॉर्म मी केला आणि फार मन लावून केला. कोणी रकाने रिकामे सोडू नयेत म्हणून मी असं केलं, की रुग्णांच्या रकान्यात आकडा टाकल्याशिवाय पुढच्या घरावर जाताच येणार नाही. सोयीसाठी तिथे आधीच शून्य भरून ठेवलं. महिनाभरात अहवाल आला, एकही रकाना रिकामा नाही, माहिती शंभर टक्के पूर्ण. आमचा मॅनेजर देबाशिष याने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि केक कापला. मी घरी येऊन मावशींनाही केकचा तुकडा दिला. कशाचा केक ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मुली घरोघर फिरायच्या त्या अकरा ते एक. त्या वेळेला बावीस खोल्यांच्या रांगेत काय असतं, हे आमच्या ऑफिसातल्या कोणालाच माहीत नव्हतं. असतात कुलपं. कुलूप लिहायला मी जागाच ठेवली नव्हती. मुलींनी दार बंद पाहिलं, फोन पुढे जाईना, म्हणून आयतं शून्य होतं तेच पाठवून दिलं. पडद्यावर आमची गल्ली हिरवीगार. रस्त्यापलीकडच्या बंगल्यांत दुपारी माणसं घरी असतात, त्यांनी ताप सांगितला, तो भाग लाल झाला. शिबिर तिकडे गेलं. धूरफवारणी तिकडे गेली. आमच्या बाजूला, बंद कारखान्याच्या आवारात, पाण्याने भरलेली गंजकी पिंपं तशीच राहिली.

शेफालीला ताप आला तेव्हा दुर्गापूजा तोंडावर होती. मिठाईवाल्यांना खोके हवे असतात ते त्याच दिवसांत, आणि खोक्यांच्या कारखान्यात जितके खोके तितकी मजुरी. ती ताप अंगावर काढत चार दिवस कामावर गेली. पाचव्या दिवशी उभं राहवेना, म्हणून गोपाल तिला हावड्याला बहिणीकडे घेऊन गेला, तिकडून इस्पितळात. तिकडेच ती गेली. सत्तावीस वर्षांची होती. शिबिर रांगेच्या तोंडाशी लागलं असतं तर ती कामावर जाताना रक्त देऊन गेली असती. तिची वाटच तिथून होती. ती वाचलीच असती असं म्हणायची माझी छाती होत नाही. पण तिला विचारायलाच कोणी गेलं नाही, हे मला माहीत आहे, आणि का गेलं नाही हेही.

कालीपूजा उरकल्यावर पाड्याच्या क्लबात समारोप झाला. फुलं, समोसे, ढोलवाले, मोठा पडदा. संस्थेच्या बाई बोलल्या, कंपनीचे साहेब बोलले, मग माझा नकाशा झळकला आणि आमच्या गल्लीवर ते शून्य आलं. टाळ्या वाजल्या. मी तिसऱ्या रांगेत होते, मावशी दाराजवळ उभ्या. त्यांची बंगाली व्याकरणात चोख आणि उच्चारात पक्की अकोल्याची आहे, पण त्या दिवशी तिला हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

"किती वाजता मोजलं?" त्यांनी विचारलं.

संस्थेच्या बाई गोड हसल्या. "मासिमा, बोशुन ना. प्रश्नोत्तरं नंतर आहेत."

"बसणार नाही. मी रिंकीला विचारलंय." रिंकी म्हणजे घरोघर फिरणाऱ्या मुलींपैकी एक. ती समोशांच्या टेबलाशी मान खाली घालून उभी होती. "तिची काही चूक नाही. ती सांगते, दार बंद असलं तरी आकडा टाकल्याशिवाय फोन पुढे जात नाही. बावीस खोल्यांतल्या सतरा बंद होत्या. तुमच्या शून्यात सतरा कुलपं आहेत."

"तेवढा फरक सगळीकडे असतो," साहेब म्हणाले.

"चौदा नंबरातली शेफाली गेली, तो फरक कुठे धरलात?"

संस्थेच्या बाईंनी कागद चाळले. तो मृत्यू हावड्याला झाला, त्यामुळे आपल्या क्षेत्रात येत नाही, म्हणाल्या. आवाजात दुःख होतं, नव्हतं असं नाही. पण कागदावर बोट ठेवून त्या ज्या सहजतेने हे म्हणाल्या, ते आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात. जगणं आमच्या क्षेत्रात, डास आमच्या क्षेत्रातले, ताप आमच्या क्षेत्रातला, फक्त मरण तेवढं पुलापलीकडे जाऊन केलं म्हणून आमचा आकडा स्वच्छ.

मावशी म्हणाल्या, "ज्याने हा फॉर्म केला त्याला माझा एकच प्रश्न आहे. कुलूप कुठे लिहायचं?"

मी तिसऱ्या रांगेत बसून राहिले. देबाशिषने माझ्याकडे पाहिलं आणि पडद्याकडे तोंड केलं. कोणीतरी ढोल वाजवणाऱ्यांना खूण केली आणि कार्यक्रम संपला.

संध्याकाळी मी खाली गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, "मावशी, तो फॉर्म मी केलाय."

त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग आणखी एक. मला वाटलं आता बोलतील, ओरडतील. मला ते हवंच होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सात वाजले होते. "चपला घाल," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही त्या रांगेतल्या प्रत्येक दाराशी गेलो. मावशी 'ताप आला होता का' असं विचारतच नसत. त्या विचारायच्या, महालयेच्या दिवशी, म्हणजे आपल्या सर्वपित्रीला, घरात कोण झोपून होतं? विश्वकर्मा पूजेला कामावर कोण गेलं नाही? माणसाला तारखा आठवत नाहीत, पण पूजेच्या दिवशी काय झालं ते आठवतं. बायका आठवून सांगायच्या, पुरुष मधेच दुरुस्त करायचे. दिवसा कुलूप असलेल्या सतरांपैकी नऊ घरांत ताप येऊन गेला होता. शेवटी त्या प्रत्येक घरी एक प्रश्न विचारायच्या, आणि तो विचारताना वही छातीशी धरायच्या. या वर्षात घरातलं कोणी गेलं का?

"हा रकाना तुझ्या फॉर्मात आहे का?" त्यांनी मला परतताना विचारलं.

नव्हता.

"आमच्या आजारपणाच्या पाहणीत असायचा. मेलेल्यांचा वेगळा रकाना. तो नसला तर काय होतं माहितेय? जे वाचले तेच बोलतात, आणि मग सगळं छान दिसतं." त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडून बोलल्या. "तुम्ही शिकलेली माणसं. रिकामा रकाना दिसायला वाईट दिसतो म्हणून तुम्ही त्यात शून्य भरता? रिकामं म्हणजे माहीत नाही. माहीत नाही म्हणायला एवढी लाज वाटते?"

आमच्याकडे याचं प्रशिक्षण होतं, वातानुकूलित हॉलमध्ये, दुपारच्या जेवणासकट. आकड्यांकडे चिकित्सकपणे कसं पाहावं, यावर मी स्वतः एकदा तासभर बोलले होते.

चौदा नंबरच्या दाराला मात्र चारही दिवस कुलूप होतं. शेफाली गेल्यापासून गोपाल बहुतेक दिवस हावड्याला कारखान्यातच झोपायचा. तिथल्या चौकटीवर मावशींच्या खडूच्या चार रेघा उमटल्या. शेजारीण म्हणाली, मी सांगते ना, मला सगळं माहीत आहे. मावशींनी तिचे हात हातात घेतले आणि नको म्हणाल्या. "त्याचं त्याला सांगू दे."

ती वही मी देबाशिषपुढे ठेवली. त्याने पानं उलटली. चांगला माणूस आहे तो, दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो म्हणतो. "अहवाल गेलाय," तो म्हणाला. "आता काही उघडता येणार नाही." मी भांडले. रजेचा अर्ज टाकला, परत घेतला, पुन्हा भांडले. शेवटी पुढच्या टप्प्यासाठी फॉर्म बदलायला त्याने होकार दिला. 'घर बंद' असा एक पर्याय मी त्यात घातला, आधी भरलेलं शून्य काढलं, आणि धावत येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी मला साखर-पोळी करून घातली.

नवे आकडे दोन महिन्यांनी आले. गल्ली हिरवीच. मी डोळे फाडून बघत राहिले. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'बंद घरं वगळून'. माझ्या नव्या पर्यायाचा त्यांनी हा उपयोग केला होता. आधी त्या सतरा खोल्यांत ताप नव्हता, आता त्या खोल्याच नव्हत्या. आणि त्याच शून्याचा फलक करून त्यांनी तो गल्लीच्या तोंडाशी लावला. मावशींना सांगताना माझा आवाज चढला होता, मी कोणाकोणाला शिव्या दिल्या ते मला आठवत नाही. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग लाल पेन्सिल हातात घेऊन म्हणाल्या, "आधी ती माणसं शून्य तरी होती ग," आणि पेन्सिल टेबलावर इतक्या जोरात ठेवली की टोक मोडलं. छत्रीचं टोक शून्यावर टेकवून विचारणं तेव्हापासून सुरू झालं.

त्याच सुमाराला त्यांचे डोळे गेले म्हणण्याइतके अधू झाले. पेपरातले आकडे मी वाचून दाखवायची, गोल त्या अंदाजाने काढायच्या. मग अकोल्याहून पुतण्या आला आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. सामान किती म्हणाल तर एक ट्रंक, एक वळकटी आणि देवघरातली ती चौकट.

रविवारी दुपारची गाडी होती. पुतण्या ट्रंक घेऊन आधीच हावडा स्टेशनवर गेला होता, मी मावशींना टॅक्सीने नेत होते. टॅक्सी फलकापाशी आली आणि मावशी म्हणाल्या, "मागे घ्यायला सांग. चौदा नंबर." गाडी चुकेल, मी म्हटलं. त्यांनी दार उघडलंच होतं.

चौदा नंबरचं दार उघडं होतं. गोपाल उंबऱ्यात बसून स्टोव्हची वात बदलत होता. चौकटीवर तेव्हा खडूच्या अकरा रेघा होत्या. माझ्या नकळत त्या किती वेळा येऊन गेल्या होत्या, ते मला तिथे कळलं. मावशींनी वही मला दिली, माझे डोळे आणि त्यांचे प्रश्न. छत्रीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि अनोळखी घरी विचारावं तसं विचारलं, रात्री ताटाला माणसं किती?

"दुजोन," गोपाल म्हणाला. दोघं. मग वात हातातून सुटली. "ना. एकजोन."

"या वर्षात घरातलं कोणी गेलं?"

गोपालने खाली पडलेली वात उचलून बाजूला ठेवली. मग त्याने नाव सांगितलं. मावशींनी वय विचारलं. ताप किती दिवस होता विचारलं. त्या दिवसांत ती कामावर जात होती का, किती दिवस, दवाखान्यात कधी नेलं, रक्त कधी तपासलं, सगळं एका सुरात विचारलं. कुठे कळवळा दाखवला नाही, कुठे घाई केली नाही. आणि मी पाहिलं, एकेक उत्तर देताना गोपालचा आवाज ठाम होत गेला. एवढ्या महिन्यांत सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं होतं, पण काय झालं हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यानेच विचारलं, लिहिलंत का? मी वही त्याच्यापुढे धरली. अक्षरं मराठी होती, त्याला वाचता आली नाहीत. शेफालीच्या नावावर बोट ठेवून त्याने, हे का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

मग मावशी चौकटीपाशी गेल्या. रेघा त्यांना दिसत नव्हत्या, हाताने चाचपत त्यांनी एकेक रेघ पदराने पुसली. खालची एक राहिली होती, ती मी दाखवली. गोपालने त्यांच्या पायांना हात लावला. त्या त्याला, येते हं, असं मराठीत म्हणाल्या, आणि तो हो म्हणाला.

पडद्यावर त्या घरापुढे अजून काहीच नाही. ते भरायचा अधिकार मला नाही, असं मला ऑफिसने लेखी कळवलंय. मी दर महिन्याला पुन्हा विचारते, दर महिन्याला तेच पत्र येतं. वही माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मावशी परत टॅक्सीत बसल्या. त्यांच्या निळ्या पदराचं टोक खडूने पांढरं झालं होतं. मी ते झटकायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि पूल ओलांडून हावडा येईपर्यंत पदर तसाच मांडीवर घेऊन बसल्या.